थडग्यातल्या मातीच्या मूर्ती (चीन)

मेलेल्या माणसाची सेवा परलोकातही चालू राहावी म्हणून थडग्यात ज्या मूर्ती ठेवायचे त्यांना चिनी भाषेत युंग म्हणतात. आधी खरी माणसं पुरायचे आणि मग त्यांच्या जागी मूर्ती आल्या असं सहसा सांगतात, पण ते इतकं सरळ नसावं, कारण इ.स.पू. ६२१ मध्ये छिन राज्याच्या मू या ड्यूकसोबत १७७ माणसं पुरल्याची नोंद आहे आणि मूर्ती तेव्हा काही ठिकाणी वापरात आल्याच होत्या.

बायकांच्या मूर्ती बघत गेलं की सौंदर्याची आवड कशी बदलली ते कळतं. हान घराण्याच्या काळातली (इ.स.पू. २०६–इ.स. २२०) नर्तकी बारीक कमरेची, लांब बाह्यांची. उत्तर वेई घराण्याच्या काळात (३८६–५३४) मान लांब, खांदे उतरते. थांग घराण्याच्या (६१८–९०७) सुरुवातीलाही बाई सडपातळच, घागरा पार छातीपर्यंत. ७०६ सालच्या राजकन्या युंगथायच्या थडग्यातल्या भिंतीवर रंगवलेल्या दासीही तशाच. पुढे मात्र गाल भरले, हनुवटीखाली वळी आली, कपडे ढगळ झाले.

हे सगळं सम्राट श्वानत्सुंगच्या लाडक्या यांग क्वेफेइमुळे (७१९–७५६) झालं असं जुन्या पुस्तकांत हमखास असतं, पण तारखा जुळत नाहीत. तिला क्वेफेइ हा वरच्या दर्जाच्या राणीचा किताब मिळाला ७४५ मध्ये, आणि अंगाने भरलेल्या बायका ७२० नंतरच्या थडग्यांत, म्हणजे ती लहान असतानाच, दिसायला लागतात. त्यामुळे फॅशन आधीची, आणि ती त्या फॅशनमध्ये शोभली, हेच जास्त पटतं. मध्य आशियाचा प्रभाव, सुबत्ता अशीही कारणं देतात, पण एकट्या कुठल्या कारणाने भागत नाही.

या मूर्तींमधली एखादी जवळून बघाच. अंबाडा एका बाजूला कललेला, जणू घोड्यावरून पडताना सुटलाय (चिनी नावाचा अर्थही तोच), हात बाह्यांत लपलेले, बुटांची टोकं वर वळलेली. धड आणि डोकं वेगळ्या साच्यांतून काढून पातळ मातीने जोडायचे. सान्त्साय म्हणजे तिरंगी ग्लेझमध्ये (भाजल्यावर काचेसारखा चमकणारा लेप) शिसं असतं, तांब्याने हिरवा, लोखंडाने पिवळा-तपकिरी रंग येतो, कोबाल्टचा निळा दुर्मिळ. ग्लेझ भट्टीत ओघळतं, म्हणून चेहरा बहुतेक वेळा कोराच ठेवून भाजल्यावर रंगवायचे, आणि तोच रंग आज उडालेला असतो.

किती मूर्ती ठेवायच्या तेही मेलेल्या माणसाच्या सरकारी हुद्द्यावर होतं, पहिली श्रेणी सगळ्यात वरची: तिसऱ्या श्रेणीपर्यंत ९०, पाचवीपर्यंत ६०, नववीपर्यंत ४०. ७५५ च्या आन लुशान या सेनापतीच्या बंडानंतर सान्त्साय मूर्ती कमी होत गेल्या, पुढे सुंग घराण्याच्या काळात (९६०–१२७९) कागदाच्या वस्तू जाळायची पद्धत वाढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुओयांग शहराजवळ रेल्वेसाठी खोदताना या मूर्ती परत बाहेर आल्या आणि तेव्हापासून नकलांचाही धंदा सुरू झाला.