नायिकांच्या जखमा आणि नंतरची डागडुजी

सुपरहिरो कॉमिक्समधल्या गुंतागुंतीच्या नायिका कुणी ठरवून घडवल्या, असा समज असेल तर तो अर्धाच खरा. त्यांतल्या काही ठळक जणी आधीच्या लेखकांनी केलेला अन्याय निस्तरताना घडल्या.

१९४१ साली मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी वंडर वुमन आणली, ती मात्र स्त्रीच्या सत्तेचा उघड पुरस्कार करायलाच. तरी सुपरहिरोंच्या संघात तिच्या वाट्याला काम आले चिटणीसाचे! १९६८ मध्ये तर तिची शक्तीच काढून घेतली गेली आणि ती कपड्यांचे दुकान चालवू लागली. स्त्रीवादी चळवळीतल्या ग्लोरिया स्टायनेम यांच्या 'मिझ' मासिकाने १९७२ मध्ये तिला मुखपृष्ठावर झळकवले. पुढच्याच वर्षी ती पूर्वरूपात परतली.

मार्व्हल या कॉमिक्स प्रकाशनाची कॅरल डॅनव्हर्स १९७७ मध्ये 'मिझ मार्व्हल' झाली. हे नावही त्याच चळवळीच्या हवेतले. पण १९८० च्या 'अव्हेंजर्स'च्या २००व्या अंकात एक पुरुष तिच्या मनाचा ताबा घेतो, तिला गर्भधारणा होते आणि अखेर ती त्याच्याच सोबत निघून जाते. सहकारी तिला आनंदाने निरोप देतात. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी १९८१ मध्ये तिला परत आणले आणि त्याच सहकाऱ्यांसमोर उभे करून जाब विचारायला लावला. नायिकेने आपल्याच कथानकाला फटकारावे, असे प्रसंग विरळाच.

१९८८ मध्ये बॅटमॅनच्या एका कथेत खलनायक जोकरने बार्बरा गॉर्डनवर, म्हणजे बॅटगर्लवर, गोळी झाडली. कथा मात्र तिच्या वडिलांच्या आणि बॅटमॅनच्या यातनांची. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याला ते खटकले. त्यांनी १९८९ मध्ये चाकाच्या खुर्चीतल्या बार्बराला 'ओरॅकल' केले: संगणकाच्या जोरावर इतर सुपरहिरोंना माहिती पुरवणारी. माझ्या मते बॅटगर्लपेक्षा ही कितीतरी भरीव व्यक्तिरेखा.

नायकाला पेटून उठवण्यासाठी स्त्रीचा बळी देण्याच्या या खोडीची यादीच पुढे कॉमिक्स-लेखिका झालेल्या गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये मांडली. १९९४ च्या 'ग्रीन लँटर्न'मध्ये नायकाच्या प्रेयसीचे प्रेत फ्रिजमध्ये सापडते, त्यावरून यादीला नाव मिळाले. पुढे ओरॅकलच्या कथा सिमोन यांच्याच हाती आल्या. २०११ मध्ये बॅटमॅनच्या कथा काढणाऱ्या डीसी प्रकाशनाने बार्बराला पुन्हा पायांवर उभे करून बॅटगर्ल केले. त्या मालिकेच्या लेखिकाही सिमोनच. ओरॅकलमध्ये स्वतःला पाहणारे अनेक अपंग वाचक त्यावर नाराज झाले.