न्यूरोडायव्हर्जंट प्रौढांमधील ओसीडी आणि मानसोपचार

स्वमग्नता (ऑटिझम) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण आणि अतिचंचलता) असलेल्या, म्हणजेच न्यूरोडायव्हर्जंट, प्रौढांना ओसीडीचाही (मंत्रचळ, म्हणजे नकोसे विचार आणि त्यापायी पुन्हापुन्हा होणाऱ्या कृती) त्रास असेल, तर समुपदेशन आणि मानसोपचाराच्या नेहमीच्या पद्धतीत बरेच फेरफार करावे लागतात. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरातल्या दोन-तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी ओसीडी होतो. स्वमग्न व्यक्तींमध्ये हे प्रमाण बरेच जास्त आढळते. अनेकांची स्वमग्नता प्रौढपणीच लक्षात येते. डीएसएम या निदानपुस्तिकेत तर २०१३ पर्यंत स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देता येत नव्हती.

उपचारात सर्वांत नाजूक काम म्हणजे कोणती कृती कशासाठी होते हे ओळखणे. वस्तू रांगेत लावणे, ठरल्या वाटेनेच जाणे, अंग झुलवणे, एका विषयात तासन्‌तास रमणे यांतून स्वमग्न माणसाला आनंद किंवा स्थैर्य मिळते. मंत्रचळातली कृती बहुधा नकोशा विचाराच्या धाकाने होते आणि ती केल्यावर घटकाभरच सुटका वाटते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. काहींना भीती नसते, नुसते ‘अजून बरोबर झालं नाही’ असे वाटत राहते. तिथे फरक करणे आणखी अवघड जाते. ज्या सवयीने माणूस सावरतो ती उपचाराच्या नावाखाली मोडून काढणे हा अन्यायच आहे.

ओसीडीवरचा मुख्य मानसोपचार म्हणजे ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ किंवा ईआरपी, म्हणजे अस्वस्थ करणाऱ्या प्रसंगाला मुद्दाम सामोरे जायचे आणि मंत्रचळातली कृती मात्र करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरील अशा उपचाराची माहिती प्रसिद्ध केली, तिथून याची सुरुवात मानतात. कुलूप ओढून पाहण्याचा मंत्रचळ असलेली व्यक्ती एकदाच कुलूप लावते, मागे न वळता निघते आणि अस्वस्थता सोसते. मनातल्या मनात उजळणी करणेही टाळायचे असते. स्वमग्न व्यक्तीबरोबर हेच काम करताना प्रत्येक पायरी आधी लिहून दिली जाते, अचानक बदल टाळले जातात. ‘किती भीती वाटते?’ याचे उत्तर अनेकांना देता येत नाही, कारण स्वतःची भावना ओळखणेच कठीण जाते. मग छातीतली धडधड, पोटातला गोळा, आवळलेल्या मुठी यांविषयी विचारतात. एडीएचडी असेल तर सत्रे आटोपशीर ठेवून घरच्या सरावासाठी मोबाइलवर आठवण लावतात. कर्कश आवाज किंवा झगझगीत उजेड असह्य होणे ही मात्र संवेदनांची अडचण आहे. ‘सवय होईल’ म्हणून त्यावर ईआरपी लादू नये.

‘मी कुलूप लावलं ना?’ हा प्रश्न घरच्यांना पुन्हापुन्हा विचारला जातो आणि उत्तर देऊन देऊन मंत्रचळ पोसला जातो. म्हणून घरच्यांनाही उपचारात सामील करतात. पण स्वमग्न व्यक्ती खरोखरच्या संदिग्धतेमुळेही विचारत असू शकते. अशा वेळी एकदा स्पष्ट उत्तर द्यायचे आणि त्याच प्रश्नाला दुसऱ्यांदा उत्तर द्यायचे नाही, असे सर्वांच्या संमतीने ठरवतात.

औषधांत एसएसआरआय गटातली (नैराश्यावरही दिली जाणारी) औषधे आणि क्लोमिप्रामिन हे जुने नैराश्यविरोधी औषध वापरतात. ओसीडीसाठी एसएसआरआयची मात्रा बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागते. स्वमग्न व्यक्तींना कमी मात्रेतही दुष्परिणाम जाणवू शकतात, त्यामुळे सुरुवात थोड्या मात्रेने करून ती सावकाश वाढवतात.