कंत्राटदारांच्या राजकीय देणग्या (मुंबई महापालिका)

महापालिकेची कामं घेणारे कंत्राटदार राजकीय पक्षांना, उमेदवारांना किंवा निवडून आलेल्या नगरसेवकांना जो पैसा, माल किंवा मदत पुरवतात त्याला कंत्राटदारांची राजकीय देणगी म्हणता येईल, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याच्याच कामावर मग लक्ष कोण ठेवणार हा यातला खरा प्रश्न. मुंबईत तो मोठा आहे कारण २०२५-२६ चं पालिकेचं बजेटच ७४,४२७ कोटींचं होतं, आणि रस्ते, नाले, पूल, पाण्याच्या लाइन ही सगळी कामं बहुतेक करून टेंडर काढूनच होतात.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाप्रमाणे पालिकेच्या कंत्राटात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा आहे तो नगरसेवक राहू शकत नाही, म्हणजे नगरसेवकाने कंत्राटदार व्हायचं नाही हे पक्कं आहे. पण कंत्राटदाराने नगरसेवकाच्या पक्षाला पैसे द्यायचे नाहीत असं कुठेच लिहिलेलं नाही! कंपनी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल आणि सरकारी नसेल तर तिला पक्षाला देणगी देता येते, २०,००० रुपयांच्या वरची देणगी पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायची असते, बस. पूर्वी कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देता यायचं, ती अट २०१७ मध्ये काढली, मग निवडणूक रोखे आले (बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न होता पक्षाला द्यायची देणगी), आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने रोख्यांची योजना आणि ती अट काढून टाकणं दोन्ही घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतर जी यादी बाहेर आली त्यात सगळ्यात जास्त रोखे घेणाऱ्यांमध्ये दुसऱ्या नंबरला हैदराबादची एक इन्फ्रा कंपनी होती, ९६६ कोटींचे रोखे, आणि मुंबई महानगरातलं ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम तिच्याकडेच आहे. (हे काम एमएमआरडीएचं, म्हणजे राज्य सरकारच्या महानगर विकास प्राधिकरणाचं, पालिकेचं नाही, हे लक्षात ठेवायला हवं.) देणगीमुळेच काम मिळालं असं कोर्टात सिद्ध झालेलं नाही, आणि रोख्यांच्या व्यवहारांसाठी एसआयटी (विशेष तपास पथक) नेमायची मागणी सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली.

पण हे झालं वरच्या पातळीचं. वॉर्डात देणगी चेकने येत नाही. गणपती मंडळाची कमान, दहीहंडीचं बक्षीस, हळदीकुंकवाची भांडी, देवदर्शनाच्या बसगाड्या, वाढदिवसाचे बॅनर, हा खर्च कुणीतरी केलेला असतो आणि तो ना पक्षाच्या हिशोबात दिसतो ना उमेदवाराच्या. २०१७ च्या निवडणुकीत मुंबईत एका उमेदवाराला १० लाखांची खर्चमर्यादा होती, पण ती फक्त निवडणुकीच्या दिवसांपुरती, मधल्या पाच वर्षांचा खर्च मोजणारं कुणीच नाही. त्यामुळे निवडणूक आयोगाच्या कागदावर सगळं स्वच्छ असतं आणि गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत असतं की कमान कुणाच्या पैशाची आहे.

त्याचा परिणाम कामावर कसा होतो ते रस्त्यावर दिसतं. कंत्राटदार आधी एस्टिमेटपेक्षा बराच बिलो भाव भरून काम घेतो, वर टक्केवारी द्यायची असते असं पालिकेत उघड बोललं जातं, मग तो फरक भरून कुठून काढायचा? मालातून. खडीचा थर कमी, नाल्यातला गाळ कमी आणि कागदावर डंपरच्या फेऱ्या जास्त. नालेसफाईचं बिल वजनकाट्याच्या पावत्यांवर निघतं, म्हणजे पावती खोटी असेल तर नाल्यातला गाळ तसाच राहून पैसे निघून जातात आणि पावसाळ्यात पाणी खालच्या चाळीतल्या लोकांच्या घरात शिरतं. २०१६ च्या रस्ते घोटाळ्यात ३४ रस्त्यांची चौकशी झाली, कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, इंजिनिअरना अटक झाली, आणि ज्यांनी दर्जा तपासायचा ते थर्ड पार्टी ऑडिटरही पकडले गेले. मे २०२५ मध्ये मिठी नदीच्या गाळावरून आर्थिक गुन्हे शाखेने केस केली, त्यात ६५ कोटींच्या नुकसानीचा आरोप आहे.

लक्ष ठेवायची यंत्रणा कागदावर भरपूर आहे: स्थायी समिती (खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची समिती), मुख्य लेखापरीक्षक, दक्षता विभाग, लोकायुक्त. मोठ्या रकमेची कंत्राटं स्थायी समितीपुढे यावी लागतात आणि तिथे निदान विरोधी नगरसेवक उठून विचारू शकतो की हाच कंत्राटदार परत का. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला झाली, मधल्या जवळपास चार वर्षांत सरकारने नेमलेले प्रशासकच प्रस्ताव आणायचे आणि प्रशासकच मंजूर करायचे, ६,००० कोटींच्या काँक्रीट रस्त्यांची कंत्राटं याच काळात निघाली. ही मुंबईच्या लोकांची झालेली मोठी हानी आहे असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे. मात्र नगरसेवक असले की सगळं ठीक असतं असंही नाही. कॅगने (सरकारी हिशोब तपासणारे देशाचे महालेखापरीक्षक) नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ मधली सुमारे १२,००० कोटींची कामं तपासली, या काळात आधी नगरसेवक होते आणि नंतर प्रशासक, तर मार्च २०२३ मध्ये आलेल्या अहवालात २१४ कोटींची २० कामं टेंडर न काढता दिलेली आणि ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारच केलेला नाही असं निघालं. करार नाही म्हणजे काम बिघडलं तर पकडायचं कशावरून?

न्यूयॉर्क शहरात पालिकेशी व्यवहार करणाऱ्यांची वेगळी यादी असते आणि यादीतल्या माणसाला महापौरपदाच्या उमेदवाराला ४०० डॉलरच्या वर देता येत नाही. आपल्याकडे टेंडर भरताना कंत्राटदाराकडून इसारा रक्कम (अनामत), जुन्या कामांचे दाखले, टर्नओव्हर सगळं घेतात, त्यातच गेल्या पाच वर्षांत कुठल्या पक्षाला किती दिलं याचं एक प्रतिज्ञापत्र मागता येईल. आज ही माहिती दोन ठिकाणी पडलेली आहे, देणग्या निवडणूक आयोगाकडे आणि वर्क ऑर्डर पालिकेकडे, आणि कंपनीचं नाव जरा बदललं, संचालकाच्या भावाच्या नावाने पैसे गेले की जुळवणारा माणूस थकतो.

नागरिकाला माहितीच्या अधिकारात एस्टिमेट, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजणीची नोंदवही) आणि दिलेल्या बिलांच्या प्रती वॉर्ड ऑफिसातून किंवा संबंधित खात्यातून मागता येतात. कामाच्या जागेवर लावलेल्या बोर्डावर कंत्राटदाराचं नाव आणि दोष दायित्व कालावधी असतो, त्याचा फोटो काम चालू असतानाच काढून ठेवावा, कारण त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. उमेदवारांनी निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा खर्चाचा हिशोबही अर्ज करून बघायला मिळतो.