एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरमधील सेवाखंडन दोष आणि वेब सर्व्हरची सुरक्षा

ब्राउझर आणि वेब सर्व्हर यांच्यातील संवाद गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये राहून गेलेल्या ज्या चुकीमुळे बाहेरचा कोणीही सर्व्हर बंद पाडू शकतो किंवा कामात अडकवून ठेवू शकतो, तिला सेवाखंडन दोष म्हणतात. अशा दोषातून माहिती चोरीला जात नाही, पासवर्ड फुटत नाही. साइट बसते, एवढेच. त्यामुळे याकडे सर्रास काणाडोळा होतो आणि तो महागात पडतो. पावसाळ्यात कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी मोबाइलवर पाहत असतात. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहेत. पाणी ४१ फुटांवर असताना पातळी दाखवणारी साइटच उघडली नाही, तर ‘डेटा सुरक्षित आहे’ हे उत्तर प्रयाग चिखली किंवा आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतल्या माणसाच्या काही कामाचे नाही.

सेवाखंडन म्हटले की लाखो विनंत्यांचा मारा डोळ्यांसमोर येतो. इथे प्रकार वेगळा आहे. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असलेल्या साइटवर पान दिसण्याआधी ‘हँडशेक’ होतो. संवाद गुप्त ठेवणाऱ्या किल्ल्या दोन्ही बाजू ठरवतात आणि सर्टिफिकेट, म्हणजे साइटचे डिजिटल ओळखपत्र, तपासले जाते. हे काम बहुसंख्य लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएल ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड, करते. अपाची आणि एनजिनएक्स हे वेब सर्व्हर, मेल सर्व्हर आणि व्हीपीएन असे सगळे तिच्यावर विसंबून असतात. हँडशेक लॉगिनच्या आधी होत असल्याने समोरचा कोण आहे हे कळण्यापूर्वीच लायब्ररीला त्याने पाठवलेले बाइट वाचावे लागतात. त्या वाचनात चूक असेल तर एखादा छोटा संदेशही पुरतो. माऱ्याचे प्रमाण मोजणारी फायरवॉल तो सहज आत सोडते.

ओपनएसएसएलमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेला दोष मेमरीचा होता. एकच कनेक्शन चालू ठेवून पुन्हा पुन्हा नव्याने हँडशेक मागायचा, म्हणजे ‘रीनिगोशिएशन’ करायचे, आणि दर खेपेला सर्टिफिकेटच्या स्थितीबद्दलचे भले मोठे एक्स्टेन्शन, म्हणजे संदेशाची पुरवणी, जोडायचे. सर्व्हर आधीची मेमरी मोकळी न करता नवी घेत राही आणि शेवटी ती संपे. सर्टिफिकेटची स्थिती कळवण्याची सोय सर्व्हरवर वापरात नसली तरी मूळ सेटिंगमध्ये तो या हल्ल्याला बळी पडत असे. त्याच खेपेला दिलेल्या दुसऱ्या एका दुरुस्तीतून नवा आणि अधिक गंभीर दोष शिरला व चार दिवसांत आणखी एक आवृत्ती काढावी लागली. एकदा पॅच (दुरुस्ती) लावून निर्धास्त होणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. मार्च २०२१ चा दोष याहून सुटसुटीत होता. एचटीटीपीएसमागच्या टीएलएस या नियमावलीच्या १.२ आवृत्तीवर रीनिगोशिएशनचा एक ठरावीक घडणीचा संदेश आला की सर्व्हरची प्रक्रिया जागीच कोसळे.

गूगलचे संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी कळवलेला आणि मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेला दोष गणिताच्या दृष्टीने विलक्षण आहे. लंबवर्तुळी वक्र (इलिप्टिक कर्व्ह) या गणितावर आधारलेल्या सर्टिफिकेटमध्ये वक्रावरचा बिंदू संक्षिप्त रूपात देता येतो. पूर्ण बिंदू काढायला मॉड्युलर वर्गमूळ, म्हणजे ठरावीक संख्येने (मॉड्युलसने) भागून उरणाऱ्या बाकीच्या हिशेबातले वर्गमूळ, लागते. ते काढणारी रीत मॉड्युलस मूळ संख्या आहे असे गृहीत धरते. कोणी मुद्दाम संयुक्त संख्या दिली तर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारी आकडेमोड, संपतच नाही. सर्टिफिकेटवरची सही तपासण्याआधीच हे घडते, त्यामुळे खोटे सर्टिफिकेटही चालते. मग सर्व्हरवर चालू प्रक्रिया दाखवणारी ‘टॉप’ कमांड दिली की एक प्रक्रिया १०० टक्के सीपीयू खात तशीच पडून राहिलेली दिसते. एखाद्या साध्या दुकानाच्या साइटला याची झळ नव्हती, कारण ती ग्राहकाकडे सर्टिफिकेट मागत नाही. पण कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीने ड्रॉइंग पाहण्यासाठी पुरवठादारांना क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे साइट उघडणाऱ्याचे ओळखपत्र, सक्तीचे केले असेल, तर तिचा सर्व्हर मात्र टप्प्यात येत होता. सुरक्षेसाठी उचललेले पाऊलच इथे दार ठरले.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे वेळेवर अपडेट. त्यात दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली आवृत्तीच्या आकड्याची. उबुंटू २०.०४ या लिनक्सवर ओपनएसएसएलचा आकडा १.१.१एफ असाच दिसतो, कारण दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवली जाते. ती लागली की नाही हे पॅकेजच्या नावाच्या शेपटावरूनच कळते. दुसरी फसगत रीस्टार्टची. नवी लायब्ररी डिस्कवर आली तरी चालू असलेला सर्व्हर मेमरीतली जुनीच वापरत राहतो. सेवा रीस्टार्ट होईपर्यंत पॅच लावूनही दोष कायम असतो. पुसलेली लायब्ररी कोणती प्रक्रिया अजून धरून बसली आहे, हे ‘नीडरीस्टार्ट’सारखे साधन दाखवते. वेब सर्व्हर रीस्टार्ट करून मेल सर्व्हर विसरणे तर फारच सामान्य.

क्लायंटच्या मागणीवरून होणारे रीनिगोशिएशन बंद ठेवावे. साध्या साइटचे त्यावाचून काही अडत नाही. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये ते काढूनच टाकले आहे. मात्र सर्व्हर १.२ देखील स्वीकारत असेल तर हल्लेखोर तीच वाट धरेल. सीडीएन, म्हणजे मूळ सर्व्हरच्या वतीने पाने देणारे मधले सर्व्हर, पुढे असल्यास हँडशेक तिथेच होतो. पण मूळ सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) थेट उघडा असेल तर त्या आडोशाला अर्थ उरत नाही.

खरी अडचण जुन्या यंत्रणांची आहे. कोणीतरी कधीतरी बसवून दिलेला सर्व्हर ‘चाललंय न्हवं, कशाला हात लावायचा?’ म्हणून तसाच ठेवला जातो. ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत आधार ११ सप्टेंबर २०२३ ला आणि सेंटओएस ७ या लिनक्सचा ३० जून २०२४ ला संपला. अशा सर्व्हरला नवीन दुरुस्ती आपोआप येणार नाही. तो बदलणे हाच उपाय.

हल्ला ओळखणे अवघड असते. हँडशेक पुरा न झाल्याने विनंती वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगपर्यंत (आलेल्या विनंत्यांच्या नोंदींपर्यंत) पोचतच नाही आणि तिथे सगळे शांत दिसते. माग सापडला तर एरर लॉगमध्ये, प्रक्रिया ‘सिग्नल ११’ ने, म्हणजे मेमरीच्या चुकीने, संपल्याच्या ओळींत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवाखंडन हल्ल्याची खबर ६ तासांत द्यावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्यात एरर लॉगही जपला जातो ना, हे लॉग फिरवण्याच्या सेटिंगमध्ये आधीच पाहून ठेवावे.