लिव्हर दहावर, म्हणजे स्प्रिंट जोरात?

जळगाव-धुळ्याच्या जिममध्ये रोइंग मशीनवर बसणाऱ्याला पहिला सल्ला हमखास मिळतो: "भाऊ, लिव्हर दहावर टाक, तेव्हा खरा स्पीड येतो." हे खरं नाही.

१ ते १० आकड्यांचा तो लिव्हर मशीनच्या पंख्याच्या डब्यात किती हवा शिरेल एवढंच ठरवतो. हवा जास्त, तर चाक लवकर मंदावतं आणि प्रत्येक ओढ जड लागते. रिकामी बैलगाडी आणि कापसाने भरलेली गाडी ओढण्यात असतो तेवढाच हा फरक. कॉन्सेप्ट टू या रोइंग मशीन बनवणाऱ्या कंपनीचा मॉनिटर प्रत्येक ओढीनंतर चाक किती मंदावलं हे मोजून हिशोब करतो, त्यामुळे दहावर फुकटचे मीटर मिळत नाहीत. कंपनी स्वतः बहुतेकांना ३ ते ५ सुचवते. दहावर कंबर मात्र आधी बोलते.

स्प्रिंटमध्ये वेग महाग असतो. ५०० मीटरला २ मिनिटांच्या गतीसाठी साधारण २०३ वॅट लागतात, १:४५ साठी ३०२. हा जोर मुख्यतः पायांतून येतो: आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. परतताना उलटा क्रम.

रेट, म्हणजे मिनिटाला किती ओढी, वाढवायचा तर परतीचा वेळ कमी करा, ओढ आखडू नका. सगळे नेमकं हेच उलटं करतात. २४ वरून एकदम ३६ वर उडी नको, दोन-दोनने चढा. सरावाला ३० सेकंद जोर, मग दीड-दोन मिनिटं हलकं, असे सहा-आठ फेरे पुरेत. मे महिन्यात मात्र हे पहाटेच उरका.