सिरियल किलर म्हणजे वेडाच?

‘इतके खून करणारा वेडाच असणार’, असं आपण सहज बोलून जातो. पण खून केले म्हणून वेडा आणि वेडा म्हणून खून केले, हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला सिरियल किलर जेफ्री डामर याच्या घरातून १९९१ साली एक मुलगा रस्त्यावर निसटला. डामरने पोलिसांना थंडपणे थाप मारून त्याला परत नेलं. पकडलं जाऊ नये एवढं भान होतं की! १९९२मध्ये ज्युरीने त्याचा वेडेपणाचा बचाव फेटाळला. नुसता मनोविकार असून भागत नाही. कृत्य चूक आहे हे कळत होतं का, स्वतःला आवरता येत होतं का, हे तिथला कायदा विचारतो. खरा पेच पुढेच आहे. चूक काय ते ठाऊक, पण दुसऱ्याच्या वेदनेने आत काहीच हलत नाही, अशा माणसाला पूर्ण दोषी धरायचं का? मी धरेन, तत्त्वज्ञांत मात्र यावर आजही एकमत नाही.