मेडलचं ध्येय आणि टायमिंगचं ध्येय

“यंदा जिल्ह्यात मेडल आणायचंच” आणि “यंदा आठशे मीटर अडीच मिनिटांच्या आत काढायचं.” ही दोन वाक्यं ग्राउंडवर एका दमात बोलली जातात, पोरांच्या वहीत एकाखाली एक लिहिली जातात. क्रीडा मानसशास्त्र मात्र त्यांना वेगळं ठेवतं. पहिलं निकालाचं ध्येय, दुसरं कामगिरीचं. निकालाच्या ध्येयात तुमची गाठ इतरांशी असते, कामगिरीच्या ध्येयात तुमच्याच आधीच्या टायमिंगशी. दुसऱ्यातही आकडा असतो, म्हणून तोही निकालच वाटतो आणि गफलत होते.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत पळायच्या शर्यती शेजारी ठेवून बघा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या पात्रता शर्यतीत, त्याने ८:१८.१२ असा राष्ट्रीय विक्रम केला, पण हीटमध्ये सातवा आला आणि फायनल हुकली. वेगळ्या हीटमधून त्याच्याहून हळू पळालेले पुढे गेले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, पुन्हा राष्ट्रीय विक्रम आणि रौप्यपदक, सुवर्ण ०.०५ सेकंदाने गेलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये (जगातल्या अव्वल खेळाडूंच्या स्पर्धा-मालिकेत) तो त्याहूनही जोरात पळाला, ८:०९.९१, आणि सहावा आला. कारकिर्दीतलं तोवरचं सर्वांत चांगलं टायमिंग, आणि गळ्यात काही नाही. नुसत्या निकालावर मोजलं तर हा दिवस वाया गेला म्हणावं लागेल. मला तसं म्हणवत नाही.

पण टायमिंगलाही डोक्यावर घेऊ नये. २०२२ च्या यूजीनमधल्या जागतिक स्पर्धेची फायनल आठवा. सगळे एकमेकांवर नजर ठेवून सावकाश पळत राहिले आणि सुवर्णपदक ८:२५.१३ ला गेलं. साबळे दीड महिना आधीच मोरोक्कोतल्या रबातमध्ये ८:१२.४८ पळाला होता, तरी तिथे अकरावा आला. अशा शर्यतीत घड्याळाचा आकडा कामाचा नसतो. शेवटच्या फेरीत कोण सुटतो, त्याच्यामागे लगेच जाता येतं का, हे बघावं लागतं. म्हणून कोचने शर्यत कशी होणार आहे ते ओळखून ध्येय द्यावं.

मेडलचं स्वप्न हवंच. थंडीत पहाटे पाचला अंथरुणातून तेच उठवतं. पण स्टार्ट लाइनवर तेच डोक्यात घोळलं की पाय जड होतात, कारण शेजारच्या लेनमधल्याचे पाय आपल्या हातात नसतात.

टायमिंगही आपोआप येत नाही, ते छोट्या कृतींत मोडावं लागतं. स्टीपलचेसमध्ये २८ साधे अडथळे आणि ७ पाण्याचे. पाण्याचा खड्डा कठड्यापाशी खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. म्हणजे कठड्यावर पाय रोवून जितकं लांब ढकलाल तितकं पाणी कमी, बाहेर पडणं सोपं. “सातही वेळा लांब पडायचं” हे प्रक्रियेचं ध्येय. ते शंभर टक्के पळणाऱ्याच्या हातात.

माझ्याकडे आठशे पळणारी एक मुलगी आहे. मागच्या स्पर्धेत ती २:३८ वरून २:३३ वर आली आणि नंबर आला पाचवा. कठड्यापलीकडून वडील “कितवी?” विचारत होते, ती रडवेली झाली होती. मी तिला स्टॉपवॉच दाखवलं आणि आम्ही दोघांनी दोनशे-दोनशेचे आकडे पाहिले. चारशे ते सहाशेच्या टप्प्यात ४१ सेकंद गेले होते; बहुतेक पोरं तिथेच ढेपाळतात. आता तिच्या वहीत मेडलखाली एक ओळ जास्त आहे: “तिसरं दोनशे, ३८ च्या वर नाही. हात सोडायचे नाहीत.”